वाटीभर दुधाच्या आधी

मस्तगडाच्या आसपासच्या जुन्या गल्ल्यांत मांजरी कुठे वितील याचा नेम नाही. मोडकळीला आलेल्या माळवदाखाली, सरपणाच्या ढिगात, कायमच्या बंद झालेल्या दुकानाच्या फळीमागे. जालन्याची ही गढी १७२५ मध्ये आसफजाह निजामाच्या हुकमावरून काबिल खानाने बांधली. पुढे तिथे नगरपालिकेची कचेरी आली, भोवती वस्ती दाटत गेली. माणसांना जागा पुरेना, मांजरींना मात्र अडगळ कधी कमी पडली नाही. त्यामुळे सकाळी अंगण झाडताना भिंतीच्या खबदाडीतून बारीक, चिरका, न थांबणारा आवाज येणं इथे नवलाचं नाही. बघावं तर मुठीएवढं पिल्लू, डोळे मिटलेले, नाळेचा वाळका तुकडा पोटाला तसाच.

मग गल्लीत जे होतं ते ठरलेलं असतं. पोरं त्याला उचलून घरी आणतात, कुणी आजी म्हणते, “अगं, वाटीभर दूध ठेव त्याच्यापुढं, पिईल,” आणि संध्याकाळपर्यंत पिल्लू गार पडतं. सगळ्यांनी जीव लावलेला असतो, तरी असं होतं. कारण या दोन्ही गोष्टी, लगेच उचलणं आणि लगेच दूध पाजणं, चुकीच्या वेळी केलेल्या असतात.

आधी उचलण्याचं बघू. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं असं आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा सोडून द्या, पण त्यामागचं निरीक्षण पक्कं आहे. जागा सुरक्षित वाटेनाशी झाली, माणसांची वर्दळ वाढली, बोका फिरकू लागला, की मांजरी बिऱ्हाड हलवते. तिच्याकडे टोपली नसते. मानेला धरून एकेक पिल्लू ती नेते, आणि शेवटचं पिल्लू बराच वेळ एकटं पडून राहतं. आपल्याला दिसतं ते नेमकं हेच. शिवाय तिला पोटापाण्यासाठीही बाहेर जावं लागतं. एकटं दिसलेलं प्रत्येक पिल्लू टाकलेलं नसतं, आणि आपण जवळ उभे असेपर्यंत ती येणार नाही.

म्हणून लांबून थांबा. पिल्लांचं पोट गोल, अंग कोरडं, एकमेकांना बिलगून शांत झोपलेली असतील तर आई आहे आणि जवळपास आहे. खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. पिल्लाभोवती जमिनीवर गव्हाच्या पिठाचं पातळ रिंगण टाका आणि निघून जा. तीनचार तासांनी पिठात पावलं उमटलेली दिसली तर आई येऊन गेली असं समजा. पीठच वापरा, रांगोळी नको. ती चाटण्यात जाते.

हे थांबणं सावलीतल्या, कुत्र्यांची वाट नसलेल्या जागी. एप्रिल-मे महिन्यात जालन्यात पत्र्याखाली दुपारी जी भट्टी होते, तिथे तीन तास म्हणजे फार झाले. तेव्हा पिल्लू त्याच जागेच्या हातभर अंतरावर, सावलीत, बिनझाकणाच्या खोक्यात सरकवून ठेवा. त्याच्या आवाजावर आई येते. पिल्लू जखमी आहे, अंगाला मुंग्या लागल्या आहेत, हाताला गार लागतंय, किंवा आई मेलेली दिसली आहे, तर थांबायचं कारण उरत नाही. लगेच उचला.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही, हे मात्र डोक्यातून काढून टाका. मांजरी घेते. एवढंच काय, बिबट्याची मादीसुद्धा घेते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी बिबट्याचे बछडे सापडतात. वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं त्यांची तपासणी करतात आणि अंधार पडता पडता त्यांना खोक्यात घालून त्याच शेतात परत ठेवतात. आई रात्री येते, बछडं तोंडात धरते आणि निघून जाते. तिथल्या लपवलेल्या कॅमेऱ्यांनी हे पुन्हा पुन्हा टिपलं आहे. इतक्या माणसांनी हाताळलेलं पिल्लू बिबट्याला चालतं, मग आपल्या गल्लीतल्या मांजरीला न चालायला काय झालं?

उसाचा विषय निघालाच आहे तर अंबड, घनसावंगीकडच्या वाचकांसाठी थोडं वेगळं. फडात सापडलेलं ‘मांजराचं पिल्लू’ रानमांजराचं किंवा वाघाटीचं असू शकतं. लहानपणी ती घरच्या पिल्लांसारखीच दिसतात. ही जनावरं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यामुळे ती घरी पाळता येत नाहीत. फडात सापडलं तर ते तिथेच राहू द्या, तेवढ्या पट्ट्यातली तोड थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आता समजा, वाट पाहिली, आई आली नाही, आणि पिल्लू आपल्या हातात आहे. इथून पुढे एकच क्रम: आधी ऊब, मग दूध. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला थरथरताही येत नाही. आई आणि भावंडं हीच त्याची शेगडी. ती गेली की अंग गार पडतं आणि अंग गार पडलं की आतडी काम थांबवतात. अशा पिल्लाच्या पोटात घातलेलं दूध पचत नाही, तसंच पडून राहतं, किंवा गिळण्याचं बळ नसल्यामुळे फुप्फुसात उतरतं. वाटीभर दुधाने पिल्लू मरतं ते असं.

करंगळीचं टोक हळूच त्याच्या तोंडात घालून बघा. आतून कोमट लागलं आणि ते चोखू लागलं तर ठीक. गार लागलं तर दुधाचं नाव काढू नका. त्याला पदराखाली, पोटाशी, कातडीला लागून धरा. पुरुषांनी सदऱ्याच्या आत. घाई करायची नाही, तासाभरात हळूहळू अंग गरम होऊ द्यायचं. कडक शेक, हेअर ड्रायर, चुलीजवळ ठेवणं, काहीही नको. अगदीच गळून गेलं असेल तर साखरेच्या पाण्याचं ओलं बोट हिरडीवरून फिरवा. ते पाजायचं नाही, फक्त पुसायचं.

मग त्याचं घर करा. बुटांचा किंवा किराणाचा खोका, तळाशी जुनी गोधडी, वर मऊ सुती कापड. धागे निघणारा टॉवेल नको, नखं अडकतात. खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ऊब ठेवायची आणि अर्धा भाग मोकळा सोडायचा, म्हणजे गरम झालं तर पिल्लू सरकत बाजूला जाईल. रबरी शेकपिशवी कापडात गुंडाळून ठेवा. ती नसेल तर जाड मोज्यात तांदूळ भरून गाठ मारा आणि तवा मंद ठेवून तो शेकून घ्या. पाठ दुखली की आपण मिठाची पुरचुंडी शेकतो, तोच प्रकार. दर दोनतीन तासांनी, म्हणजे पाजायच्या वेळीच, ती पुन्हा गरम करायची. वीज गेली तरी हे चालतं, हा त्याचा मोठा फायदा. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवतीची हवा ३० अंशांच्या आसपास हवी, पुढे दर आठवड्याला थोडी कमी चालते. उन्हाळ्यात जालन्यात ही हवा फुकट मिळते. प्रश्न कूलरचा आहे, त्याच्या झोतात खोका कधीच ठेवू नका. आणि मुंग्या! सांडलेल्या दुधाच्या वासावर त्या रात्रीत येतात आणि पिल्लाचे डोळे, नाळ धरतात. पाटावर खोका आणि पाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, ही दुधाच्या पातेल्यासाठी घरोघर चालणारी तऱ्हा इथेही चालते.

आता दूध. गाईचं, म्हशीचं वरचं दूध पाणी घालून पातळ करून द्यायची आपली सवय पिल्लाला दोन्हीकडून नडते. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. गाईच्या दुधात ती आधीच कमी, वर पाणी घातलं की उरलीसुरली गेली. त्यात जुलाब लागले तर एवढ्याशा जिवाचं पाणी एका रात्रीत आटतं. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते. पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. छत्रपती संभाजीनगर तासा-दीड तासावर आहे, तिथे कुणी जाणार असेल तर त्यांच्याकडून आणवा. लहान बाळांची पावडर हा पर्याय नव्हे. पावडर येईपर्यंतची एखादी रात्र निभवायची तर पाणी न घातलेलं शेळीचं दूध, तेही डॉक्टरांना फोनवर विचारून. त्यावर पिल्लू वाढत नाही, फक्त वेळ निघते.

सगळ्यात चांगलं दूध अर्थातच दुसऱ्या मांजरीचं. ओळखीत कुठे नुकतीच व्यायलेली मांजर असेल तर हे पिल्लू तिच्या पिल्लांच्या कापडावर चोळून, तिच्या पिल्लांत मिसळून बघा. पुष्कळ मांजरी खळखळ न करता घेतात. घेतलं, तर तुमचा महिनाभराचा जागर वाचला.

नाही घेतलं, तर जागर आहेच. पहिल्या आठवड्यात दर दोन ते तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीनचार तासांनी. त्यानंतर अंतर वाढत जातं. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला दिवसभरात सुमारे २० मिलिलिटर दूध लागतं आणि त्याच्या पोटात एका वेळी फार तर चार मिलिलिटर मावतं. अडीच-तीन मिलिलिटर एका वेळी, इतका तो हिशेब बारीक आहे. औषधाच्या दुकानातून एक किंवा दोन मिलिलिटरची सिरिंज आणा आणि सुई काढून टाका. पिल्लांची छोटी बाटली मिळाली तर अधिक चांगलं, पण तिच्या बोंडीचं भोक नीट हवं: बाटली उलटी धरली की थेंब थेंब पडावा, धार लागू नये.

पिल्लाला माणसाच्या बाळासारखं पाठीवर निजवून कधीही पाजायचं नाही. मांडीवर कापड, त्यावर पिल्लू पोटावर, पुढचे पाय टेकलेले, मान किंचित वर, आईला पितं तसंच. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघा, कोमट लागलं पाहिजे. बोंडी ओठाच्या कडेने आत द्या आणि थांबा. पिल्लू आधी तोंड फिरवतं, ओरडतं, हातपाय मारतं. मग एकदम पकड बसते. जीभ पन्हाळीसारखी बोंडीभोवती वळते, पुढचे पंजे हवेत आळीपाळीने दाबले जाऊ लागतात आणि घोटागणिक चिमुकले कान मागेपुढे हलतात. कान हलताहेत म्हणजे दूध पोटात जातंय. सिरिंज असेल तर दट्ट्या थेंबाथेंबाने, त्याच्या घोटाच्या लयीने दाबा. नाकातून दूध आलं तर तिथेच थांबा, तोंड खाली करून नाक पुसा, आणि नंतर धाप लागली किंवा छातीत घरघर आली तर दवाखाना गाठा. पोट गोल झालं, पिल्लाने तोंड सोडलं, की संपलं. ‘अजून एक घोट’ हा आपला लाड जुलाबावर जातो.

पाजून झालं तरी काम अर्धंच झालेलं असतं, आणि हे अर्धं काम पुष्कळांना ठाऊकच नसतं. या वयात पिल्लाला आपणहून शी-शू होत नाही. आई चाटते तेव्हा होते. कोमट पाण्यात कापूस भिजवून पिळा आणि शेपटीखाली अलगद, आईच्या जिभेच्या बेताने, फिरवत राहा. अर्ध्या-एक मिनिटात कापूस पिवळसर होतो. प्रत्येक पाजण्याच्या वेळी हे करायचं, साधारण तीन आठवडे. शू गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय. शी मऊ, मोहरीच्या रंगाची असावी. पातळ, हिरवट किंवा पांढरट झाली तर डॉक्टरांना दाखवा.

पिल्लू जगतंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं. जन्मताना वजन साधारण ८५ ते ११५ ग्रॅम, आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढ. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे जा, तो हसेल पण तोलून देईल. रोज एकाच वेळी, वाटीत ठेवून, आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. एक दिवस वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवा. घटलं तर त्याच दिवशी दवाखाना. वाढत असेल आणि अंग गरम असेल तर रात्री एखादी वेळ उशिरा पाजली तरी चालतं, तेवढी झोप तुम्हालाही हवी.

वय ओळखणं सोपं आहे. नाळ असेल तर पाचेक दिवसांच्या आतलं. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात, आपण बोटांनी उघडायचे नाहीत. पण मिटल्या पापणीमागे फुगवटा किंवा पू दिसला तर कोमट कापसाने पुसून लगेच दाखवा. तिसऱ्या आठवड्यात कान ताठ होतात, पुढचे बारीक दात लागतात, चाल डगमगती. डोळे मात्र सहा-सात आठवड्यांपर्यंत निळेच. त्यावरून ‘विलायती मांजर सापडलं’ म्हणून हुरळून जाऊ नका.

दिवसाआड एखाद्या घरात जे अनर्थ होतात त्यांची यादी घरातल्या कपाटातच असते. फिनेलने पुसलेल्या फरशीवर पिल्लू ठेवू नका आणि डेटॉलच्या पाण्याने त्याला पुसू नका. मांजराचं यकृत ही द्रव्यं पचवू शकत नाही. अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉलचा कण देणं म्हणजे विष देणं. पिसवा झाल्या असतील तर कुत्र्यांची पावडर लावू नका, तिच्यातलं परमेथ्रिन मांजराला मारतं. पण पिसवा तशाच राहू देणंही बरं नाही, इतक्या लहान पिल्लाचं रक्त त्या पिऊन टाकतात. बारीक दातांची फणी, कोमट साबणाच्या पाण्याचा वाडगा, आणि एकेक पिसू काढून त्यात बुडवणं, एवढाच या वयातला उपाय. अंघोळ घालायची नाही.

डॉक्टर कोण, हा लहान गावात खरा प्रश्न. १९६२ या क्रमांकाची फिरती सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी असते, पण जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कोणता हे तिथून विचारता येतं. ‘जनावरांचा दवाखाना’ म्हटलं की फक्त बैल-म्हशी असं समजून लोक जातच नाहीत. जरूर जा. अवघड दुखणं असेल तर परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जालन्याहून सरळ रेल्वे जाते. जंताचं औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडूनच. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, नंतर तीनचार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची साधारण तीन महिन्यांनंतर. पूर्वी घरात एखादं पिल्लू उलट्या-जुलाबाने अचानक गेलं असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मांजरांच्या पार्व्होचा विषाणू जागेत वर्षभर टिकतो.

घरच्यांचंही सांगतो. लहान मुलांना पिल्लाकडून नायटा येऊ शकतो, हात धुवायचे. नखाने ओरखडलं, चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी रुग्णालयात दाखवा, रेबीजची लस तिथे मोफत असते. घरात सून गरोदर आहे म्हणून सासूबाई पिल्लू बाहेर काढायला सांगतात. त्यांच्या भीतीला थोडा आधार आहे, टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या विष्ठेतून पसरतो. पण तो विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. पिल्लाच्या शी-शूचं भांडं रोज, दुसऱ्या कुणीतरी साफ केलं तर प्रश्न सुटतो, पिल्लाला काढावं लागत नाही.

साडेतीन-चार आठवड्यांनी पिल्लू बोंडी चावू लागतं. आता पसरट ताटलीत पिल्लांचं मऊ खाणं दुधात कालवून ठेवा. ते आधी त्यात चालेल, मग खाईल. एका उथळ ट्रेमध्ये वाळू किंवा कागदाचे तुकडे घाला. गोळे होणारी विकतची लिटर इतक्यात नको, पिल्लं ती खातात. आणि इथे एक स्पष्ट बोलायला हवं. जालन्यात शाकाहारी घरं पुष्कळ आहेत, आणि जीव वाचवण्यात ती मागे नसतात. पण मांजर दूधभातावर जगत नाही. त्याला टॉरिन लागतं, ते मांसातून मिळतं. ते न मिळाल्यास दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. विकतच्या कोरड्या खाण्यातही मांस असतंच. ते घरात चालणार नसेल तर पिल्लाला महिनाभर वाढवा, जगवा, आणि मग चालणाऱ्या घरी द्या. त्यात कमीपणा काही नाही.

द्यायचं असेल तर आठ आठवड्यांच्या आत नको. आईवेगळं पिल्लू भावंडांत वाढलं तरच किती जोरात चावायचं नाही हे शिकतं, त्यामुळे दोन असतील तर दोन्ही एकाच घरी जातील असं बघा. घेणाऱ्यांना विचारा: घरच्या सगळ्यांची तयारी आहे का, वरच्या मजल्याच्या गॅलरीला जाळी आहे का, दिवाळीला गावी गेल्यावर कोण बघणार, नसबंदीची शस्त्रक्रिया करून घ्याल का. उत्तरं अडखळत आली तर थांबा. नको झालेलं मांजर पोत्यात घालून मोंढ्यात किंवा नदीपलीकडे सोडून येण्याची रीत अजून आहे. पाळलेलं जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे, हे देताना हसत हसत का होईना सांगून ठेवा.

आणि आई सापडली, पिल्लं तिच्याचकडे राहिली, तरी तुमचं एक काम शिल्लक आहे. मांजर साधारण नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा तिला रोज एकाच वेळी, एकाच जागी खायला घालून हिलवून घ्या. पिल्लं आठ आठवड्यांची झाली, आपलं आपण खाऊ लागली, की पिंजऱ्यात खाणं ठेवून तिला धरा आणि शस्त्रक्रियेला न्या. त्याआधी डॉक्टरांना खर्च, उपाशी ठेवायचे तास आणि टाके कसले घालणार हे विचारून घ्या. आतून विरघळणारे टाके घातले तर तिला दुसऱ्यांदा धरावं लागत नाही, आणि एकदा पिंजऱ्यात सापडलेली मांजर दुसऱ्यांदा सहसा सापडत नाही. खर्च गल्लीतल्या चार घरांनी वाटून घेतला तर कुणाला जड जात नाही.